काळ्या उतारावरचे गड्डे

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एक विचारते. अख्खा डोंगर जळून काळा झाला, तर तो मेला असं म्हणाल का?

फार जुन्या काळी दूर एक मुलूख होता. तिथे पाऊस फक्त थंडीत पडे आणि उन्हाळाभर एक थेंबही नसे. म्हणून तिथल्या डोंगरांवर उंच झाडं नव्हती, होती ती डोक्याइतक्या उंचीची दाट झुडपं. त्यांची पानं लहान, जाड आणि तेलकट. ऊन तापलं की साऱ्या उताराला औषधासारखा वास येई. झुडपांखाली ससे, सरडे आणि लावे पक्षी सुखात राहत.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. ज्याच्या घरामागे उताराचा जो पट्टा, तो त्याचा, अशी तिथली रीत होती. शेजारीशेजारी दोन जावा राहत. म्हातारे सासरे धाकटीकडे असत.

एका उन्हाळ्याच्या शेवटी कोरडा वारा सुटला आणि डोंगराला आग लागली. तीन दिवसांत सगळी झुडपं जळाली. गाव वाचलं, पण शेळ्यांना चारा राहिला नाही. दोघींचे नवरे कळप घेऊन लांबच्या माळावर गेले. धाकटीच्या गोठ्यात चार दुभत्या शेळ्या तेवढ्या उरल्या.

आता उतारावर दिसत होते ते झुडपांचे गड्डे. प्रत्येक झुडपाच्या बुडाशी, मुळांच्या वर, डोक्याएवढा लाकडाचा गड्डा असे. एक गड्डा वाळवून चुलीत घातला की रात्रभर धगधगे. थंडी तोंडावर आली होती. सगळं गाव कुदळी घेऊन उतारावर चढलं.

धाकटीही गेली. सासऱ्यांना खोकला होता, घरात ऊब हवीच होती. तिने पहिल्याच गड्ड्यावर घाव घातला. वरची साल कोळसा झाली होती, पण आतलं लाकूड लालसर आणि ओलं होतं.

जवळच राखेत एक लावी बसली होती. लपायला आडोसा नाही म्हणून ती अंग चोरून होती. ती म्हणाली, "बाई, मेलेल्या लाकडात ओल असते का?"

धाकटीने गड्ड्याला हात लावून पाहिला. मग कुदळ खाली ठेवली आणि त्या घावावर माती दाबली.

शेजारच्या पट्ट्यातून थोरली म्हणाली, "काय गं, दमलीस एवढ्यात?"

"नाही जाऊबाई. लावी म्हणते, हे जिवंत आहे. मलाही तसंच वाटतंय."

"लावी म्हणते?" थोरली हसली. "उद्या सरडा म्हणेल, अंगणात नाच, तर नाचशील? मामंजी कुडकुडले तर लावीला सांग पंख पसरायला."

धाकटी कुदळ उचलून घरी आली. ती रोज ओढ्यापलीकडे जाऊन अर्धवट जळक्या काटक्या वेचू लागली. पण काटक्यांची आग ती केवढी! मग तिने सासऱ्यांची बाज गोठ्यात शेळ्यांच्या उबेत, मधोमध टाकली.

म्हातारे कुरकुरले. "या वयात शेळ्यांचा सोबती केलंस मला. थोरलीकडे बघ, भिंतीसुद्धा गरम आहेत."

"आहेत खऱ्या, मामंजी. पण तुमचा खोकला कमी झालाय."

"तो या बोकडतोंड्या शेळीला घाबरून," म्हातारे म्हणाले आणि घोंगडी ओढून घेतली.

असे वीस-बावीस दिवस गेले. थोरलीच्या पट्ट्यात एकही गड्डा उरला नाही. धाकटीच्या पट्ट्यात मात्र, पाऊस पडायच्या आधीच, प्रत्येक गड्ड्यातून तांबूस कोंब वर आले. आगीच्या धगीने राखेतल्या बियाही तडकल्या होत्या. त्या आता पाण्याची वाट पाहत होत्या.

मग थंडीचा पाऊस आला. दिवसभर तो थांबला नाही. धाकटीच्या उतारावर मुळांनी माती घट्ट धरून ठेवली. थोरलीच्या उतारावर धरायला काही नव्हतं, नुसते खड्डे होते. खड्ड्यांत पाणी साठलं, माती फुगली आणि संध्याकाळी सगळा उतार खाली घसरला. मागची भिंत फुटून थोरलीच्या घरात मांडीभर चिखल शिरला.

पोरांना कडेवर घेऊन थोरली धाकटीच्या दारात उभी राहिली.

"आत या जाऊबाई," धाकटी म्हणाली. "पोरं भिजलीत."

गोठ्यातून म्हातारे म्हणाले, "इथे जागा आहे. शेळीला सरकवा थोडं. ती ऐकेल, माझं ऐकते आता."

थोरली बसली. पोरांची डोकी पुसता पुसता म्हणाली, "तुझ्यासारखीच मलाही ओल दिसली होती गं. मला वाटलं, वाळेल."

ऐकणाऱ्यांनो, सांगायचं ते एवढंच: वरून जळालेलं दिसलं म्हणून काही उपटू नये, आधी आत ओल आहे का ते पाहावं, आणि दिसली तर थांबावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी जावांनी मिळून घरातला चिखल उपसला, आणि तो घसरलेला उतार पाहून गावातलं कोणीही उरलेले गड्डे खणायला कुदळ घेऊन डोंगरावर गेलं नाही.