पाठमोरा मठ

“…आणि पडले तर?”

“तर पडाल,” चिमणबुवा म्हणाले.

उत्तर बरोबर होते. पण उन्हातून टेकडी चढून आलेल्या माणसाला निदान एखादा श्लोक तरी अपेक्षित असतो. डॉ. हेमांगी निकम तशाच बसून राहिल्या.

बुवा संध्याकाळच्या भाजीसाठी गवारीच्या शेंगा मोडत होते. मठ दत्ताचा, टेकडी गावाची, आणि बुवा कुणाचेच नसल्यामुळे मठात राहिलेले.

बाईंच्या डोक्यावर हेल्मेट होते. गुडघ्यांवर, कोपरांवर, मनगटांवर कडक प्लास्टिकच्या वाट्या बांधलेल्या होत्या. शेजारी भिंतीला लाँगबोर्ड टेकवला होता.

लाँगबोर्ड म्हणजे चार चाकांची लांब फळी. तिच्यावर उभे राहून उतारावरून खाली जायचे असते. का, ते विचारायचे नसते.

हा खेळ टेकडीवर आला तो रस्त्यामुळे. मंत्री दर्शनाला येणार म्हणून मठापासून पायथ्यापर्यंत गुळगुळीत डांबर पडले. मंत्री आले नाहीत. रस्ता मात्र आला, आणि दर रविवारी सकाळी गावातली काही मंडळी फळ्या घेऊन येऊ लागली. डॉक्टरबाई त्यांतल्याच. चाळिशी उलटली की कोणी योगासने धरतो, कोणी प्लॉट घेतो. यांनी फळी घेतली.

सपाटीवर ती त्यांना छान जमत होती. वारा कानाला लागायचा, आणि तेवढा वेळ दवाखाना डोक्यातून जायचा. इतक्या वर्षांत तो दुसऱ्या कशानेही गेला नव्हता.

उतार आला की मात्र पाय फळीवर चढत नसे. बाकीचे सर्रकन खाली जात. बाई फळी काखेत धरून मागून चालत येत. त्या सकाळी गटाच्या म्होरक्याने, अगदी आदराने, सुचवले होते की मॅडमनी यापुढे सगळ्यांचे व्हिडिओ काढावेत. मॅडमचा हात फार स्थिर आहे.

हे बाईंना लागले. मंडळी घरी गेली, त्या मागे राहिल्या. आज उतरायचे, नाहीतर फळी मठाला देऊन टाकायची, असे ठरवूनच त्या आत आल्या होत्या.

“स्वयंपाकघरात हंडे ओढायला होईल,” त्या म्हणाल्या.

“होईल. पण आमच्या सोनाबाई त्याच्यावर उभ्या राहतील. त्यांचा काही भरवसा नाही.”

बाई हसल्या नाहीत. त्या हाडांच्या डॉक्टर होत्या, त्यामुळे त्यांची भीती तुमच्याआमच्यासारखी मोघम नव्हती. तिला तपशील होता. कसे पडले म्हणजे काय मोडते, जुळायला किती आठवडे जातात, आणि जुळले तरी थंडीत ते कसे ठणकते, हे त्यांनी क्रमाने सांगितले. मनगट झाले. घोटा झाला. खुबा झाला.

“माकडहाड?” बुवांनी विचारले.

“त्याला प्लास्टर घालता येत नाही.”

“चला, ते एक सुटलं.”

बुवांचा शिष्य गंगाधर शेजारीच उभा होता. मठात विचारल्याशिवाय उत्तर देणारा एक तरी माणूस लागतो. त्याने सांगितले की नामस्मरण करत उतरावे. पडताना मुखात नाम असले की इजा होत नाही. बुवांनी त्याला विचारले की गेल्या पावसाळ्यात तो विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला तेव्हा मुखात काय होते. गंगाधर शेंगांकडे पाहू लागला. त्या वेळी त्याने देवाची नव्हे, पायऱ्या बांधणाऱ्या गवंड्याच्या आईची आठवण काढली होती, आणि ती पार पायथ्यापर्यंत ऐकू गेली होती.

“आजवर किती वेळा पडलात?” बुवांनी बाईंना विचारले.

“एकदाही नाही.”

हे सांगताना बाईंची मान जरा ताठ झाली. बुवांनी त्यांच्या गुडघ्यांवरच्या वाट्यांकडे पाहिले, कोपरांवरच्या वाट्यांकडे पाहिले. पडण्याची सगळी तयारी झाली होती. फक्त पडणे राहिले होते.

“दाखवा,” बुवा म्हणाले आणि उठले.

फाटकाबाहेर उतार सुरू होत होता. डॉक्टरबाई फळीवरून उतरणार ही बातमी त्यांच्या आधी फाटकाशी पोचली. हात पुसत सोनाबाई आल्या. दर्शनाला आलेले चार लोक दर्शन सोडून आले. भाऊसाहेब गोळे काठी टेकत आले. हे निवृत्त तलाठी. सायकलवरून पडून त्यांनी खुबा मोडून घेतला होता आणि बाईंनीच तो बसवला होता. तसे पाहिले तर त्या गर्दीत बाईंच्या हाताखालून न गेलेला सांधा सापडणे कठीण होते.

बाईंनी फळी खाली ठेवली. एक पाय वर ठेवला.

“डॉक्टर, जपून हं,” भाऊसाहेब म्हणाले. “तुम्हीच पडलात तर आम्ही कुणाकडं जायचं?”

सगळे हसले. बाईही हसल्या. दुसरा पाय जमिनीवरच राहिला.

त्या म्हणाल्या, रस्त्यावर बारीक खडी आहे. गंगाधरने झाडू आणून ती झाडली. त्या म्हणाल्या, वारा समोरून आहे. वारा पडेपर्यंत सगळे थांबले; कोणाला घाई नव्हती, तेच अडचणीचे होते. शेवटी बाईंनी पाय काढून घेतला आणि फळी उचलली.

“कुठं बघत होता?” बुवांनी हळूच विचारले.

“रस्त्याकडे.”

“रस्ता पुढं आहे. तुमची मान मागं होती.”

बाईंनी फळी काखेत मारली.

मग खाली बघून त्या बोलू लागल्या. त्यांच्या दवाखान्याची रीत साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. पडून आलेल्या माणसाला त्या आधी झापत, मग एक्स-रे काढत. या वयात स्टुलावर कशाला चढलात? ओल्या फरशीवरून कुणी धावतं का? भाऊसाहेब तर स्ट्रेचरवर कण्हत असताना त्यांनी सायकल विकून टाका म्हणून सांगितले होते.

“आणि आता मी यांच्या देखत…”

वाक्य तिथेच राहिले. बुवांनीही ते पुढे ओढले नाही. मघाची मनगटे, घोटे आणि खुबे यांचा मात्र त्यानंतर कोणी उल्लेख केला नाही.

तेवढ्यात नैवेद्याची घंटा झाली.

सगळे आत गेले, बाईही गेल्या. दत्तापुढे ताट ठेवले, पाणी फिरवले. इतर ठिकाणी अशा वेळी देवापुढे पडदा ओढतात. या मठाचा पडदा कधीकाळी उंदरांनी खाल्ला, आणि नवा येईपर्यंत म्हणून लोक नुसतेच पाठ फिरवून उभे राहू लागले. नवा पडदा आला नाही. पाठ फिरवण्याची रीत झाली. आता कोणी पडदा दिला असता तर मठाने तो परत केला असता.

बाई पहिल्यांदाच हे पाहत होत्या. सगळ्यांबरोबर त्याही वळल्या.

“हे कशासाठी?” त्यांनी कुजबुजत विचारले.

“देव जेवतोय,” बुवा म्हणाले.

“पाहिलं तर काय होईल?”

“तुमच्या ताटाकडं कुणी टक लावून बसलं तर घास उतरतो तुमच्या घशाखाली?”

“…नाही.”

“मग? देव झाला म्हणून काय झालं.”

एवढे बोलून बुवा स्वतःच थांबले. त्यांनी बाईंकडे तिरप्या नजरेने पाहिले. ताट निघाल्यावर ते प्रसादाला बसले नाहीत. फाटकाकडे चालू लागले.

“भिंतीकडं तोंड करा,” त्यांनी मागून आलेल्या सगळ्यांना सांगितले. “नैवेद्य आहे.”

नैवेद्य हा शब्द त्या मठात इतका मुरलेला होता की लोक आधी वळले, आणि कुणाचा ते मग विचारू लागले. भाऊसाहेबांना काय चालले आहे ते कळले, आणि त्यांचा चेहरा पडला. एवढी वर्षे ज्याची वाट पाहिली ते आज दिसणार होते. पण तेही वळले.

“डॉक्टरबाई, तुमचं चालू द्या. आम्ही इथंच आहोत. डोळे मिटलेले, कान उघडे. हाक आली तर धावू. नाही आली तर नाही.”

बाई फळी घेऊन रस्त्यावर गेल्या. वळून त्यांनी पाहिले. ओळीने पाठीच पाठी होत्या. सोनाबाईंच्या पदराला पिठाचा हात लागलेला होता. गंगाधरच्या सदऱ्याला मागे ठिगळ होते. कोणाचाही चेहरा नव्हता.

तरी त्या थांबल्या. त्यांची नजर पाठींच्या पलीकडे, आत गेली होती. गाभारा, फाटक आणि उतार एका रेषेत होते.

बुवांनी ती नजर पाहिली.

“गंगाधर, गाभाऱ्याचं दार लाव.”

“भर दुपारी? बुवा, शेजारतीच्या आधी दार लावत नाहीत.”

“लाव. त्याला सहा डोळे आहेत.”

दत्ताचे दार लागले. त्या मठात असे पूर्वी कधी झाले नव्हते. सोनाबाईंनी भिंतीलाच नमस्कार करून घेतला. मग बुवाही भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

…

चाके वाजू लागली. आधी अडखळत, मग एकसारखी. आवाज लांब जाऊ लागला, बारीक होत गेला, वळणापाशी पोचला.

मग एक खरड. मग आपट. मग फळी कुठेतरी दगडावर आदळल्याचा खडखडाट.

मग काहीच नाही.

“अगं बाई,” सोनाबाई म्हणाल्या.

“नैवेद्य चालू आहे,” बुवा म्हणाले.

कोणी वळले नाही. बुवांच्या हातातली माळ थांबली होती. पण ते कोणाला दिसले नाही, कारण सगळ्यांची तोंडे भिंतीकडे होती. गंगाधरचे ओठ हलत होते. या वेळी तो नामच घेत असावा.

हाक येईना…

आला तो एक वेगळाच आवाज. तो डॉक्टरबाईंकडून कोणी कधी ऐकला नसल्यामुळे ओळखायला जरा वेळ लागला. त्या हसत होत्या. एकट्याच, रस्त्यात बसून, पोट धरून हसावे तशा.

थोड्या वेळाने चाके पुन्हा वाजली. या वेळी ती थांबली नाहीत. पायथ्यापर्यंत वाजत गेली.

बाई वर आल्या तेव्हा प्रसादाची पंगत बसली होती. कोपराच्या वाटीच्या वर सालटे गेले होते, पँट मांडीवर फाटली होती, केसांत गवत होते. फळी काखेत होती. हेल्मेट काढून त्या पंगतीत बसल्या आणि कोणी न विचारताच सांगू लागल्या.

वळणावर पुढचे चाक कसे फिरले, आपण आधी गुडघ्यांवर कशा गेलो, मग कुशीवर कशा घसरलो, हे त्यांनी हातवारे करून सांगितले. सोनाबाई वाढायला आत गेल्या होत्या, म्हणून त्या आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितले. कोपर भाऊसाहेबांच्या नाकाशी नेऊन दाखवले. बसल्या बसल्या सवयीने एकेक हाड चाचपून पाहिले तर सगळी जागच्या जागी होती, हेही सांगितले.

“आणि मग वाट बघत बसले,” त्या म्हणाल्या, “कुणीतरी अरेरे म्हणेल म्हणून. कुणी म्हणेचना… मग काय करणार? उठले.”

भाऊसाहेबांनी घास खाली ठेवला. चष्मा नाकावर घेतला.

“या वयात फळी कशाला?” ते दवाखान्यातल्या आवाजात म्हणाले. “विकून टाका ती.”

पंगत हसली. सगळ्यांत जास्त बाई हसल्या, इतक्या की त्यांना ठसका लागला आणि सोनाबाईंनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या.

“एवढंच असतं हो, बुवा,” पाणी पिऊन त्या म्हणाल्या. “एवढंच. मला वाटलं होतं…”

काय वाटले होते ते त्यांनी सांगितले नाही. एक मोठा श्वास सोडून त्यांनी भाताचा मोठा घास घेतला. पुढच्या रविवारी ही भीती परत येईल का, असे त्यांनी मधेच विचारले. येईल, असे बुवा म्हणाले, आणि त्यांनी ताक मागून घेतले. बाईंना या उत्तराचे काही विशेष वाटलेले दिसले नाही. त्यांनीही ताक मागितले.

फळी मठाला द्यायची होती, याची आठवण कोणी काढली नाही. सोनाबाईंनी तिच्याकडे एकदा आशेने पाहिले, तेवढेच.

पंगत उठत आली तेव्हा गंगाधर कावराबावरा होऊन बुवांपाशी आला.

“बुवा, दत्त अजून आतच आहेत. दार उघडू?”

“उघड की.”

“पण…” गंगाधरने आवाज उतरवला. “असं भर दुपारी मधेच दार लावलं. देवाला काय सांगू?”

बुवांनी हात धुतले. पंच्याला पुसले. बाई पायरीवर बसून कोपरावर हळद लावून घेत होत्या. त्यांच्याकडे एकदा पाहिले.

“सांग, बघण्यासारखं काही नव्हतं.”