धुक्याचा वाटा

एका राज्यात, पश्चिम समुद्रापलीकडच्या इटली नावाच्या मुलखात, इतके डोंगर होते की सपाट जागा दाखवायची झाली तर लोक जेवणाचं मेज दाखवीत. डोंगरांवर द्राक्षवेली होत्या, वेलींवर काळी द्राक्षं होती, आणि शरद लागला की द्राक्षांवर धुकं उतरे. त्या धुक्यात द्राक्षं सावकाश पिकत. त्यांची लाल मदिरा अशी होई की पिणारा आधी शेजाऱ्याचा पेला भरी आणि मग आपला.

पण धुकं फुकट येत नसे. उंच कड्यावर धुक्याचा मांत्रिक राहत होता. लाकडी पिंपात मदिरा मुरत ठेवली की तिची थोडी थोडी वाफ लाकडातून उडून जाते. तो मांत्रिकाचा वाटा. तेवढी जागा पिंपात रिकामी राहते, आणि रिकाम्या जागेत हवा शिरली की मदिरा आंबते. म्हणून तळघर सांभाळणाऱ्याने दुसऱ्या पिंपातली मदिरा घालून ती जागा भरायची. वाटा जाई, भरती होई, धुकं येई. पिढ्यान्‌पिढ्या कुणाची तक्रार नव्हती.

मग अल्दोब्रांद नावाचा राजा गादीवर बसला. राजांना एक खोड असते. सुरळीत चाललेल्या कामात हात घातल्याशिवाय त्यांना राज्य केल्यासारखं वाटत नाही. "जो दिसत नाही त्याला वाटा कशाला?" तो म्हणाला, आणि त्याने झाडून साऱ्या पिंपांना शिशाचा पत्रा ठोकून घेतला.

तळघर सांभाळणारी बाई ओर्सोला मान लववून म्हणाली, "महाराज, लाकडाला श्वास लागतो."

"श्वास माणसांना लागतो," राजा म्हणाला.

त्या राज्यात तोडणीच्या आधी एक सण असे. एकाच पिंपातली मदिरा साऱ्या प्रजेने प्यायची. तान्ह्या बाळाच्या ओठांनाही एक थेंब लावायचा. त्या वर्षी शिशाखालचं पिंप उघडलं. राजाने पेला उचलला, सर्वांनी उचलला, सर्वांनी घोट गिळला. तेवढ्यात दारातून धुकं आत आलं आणि धुक्यातून मांत्रिक बोलला, "राजा, माझा वाटा तू कोंडलास. आता ज्याने त्याने आपला वाटा एकट्याने प्यावा."

त्या क्षणी प्रत्येकाला भरला दरबार रिकामा दिसला. कुणाला कुणी दिसेना, कुणाचा शब्द ऐकू येईना, आणि हात लागला तर धुक्याला लागल्यासारखा वाटे. आई लेकराला शोधत अंगणात धावली. लेकरू तिच्या कडेवरच रडत होतं.

एकट्या ओर्सोलाने घोट गिळला नव्हता. मदिरा करणाऱ्याने चाखायचं, जिभेवर घोळवायचं आणि थुंकायचं. गिळत बसलं तर काम कोण करणार? सणातही तिची ही सवय सुटली नाही. त्यामुळे तिला सगळे दिसत होते, आणि ती कुणालाच दिसत नव्हती.

तिचा नवरा बास्तियान पिंपं जोडणारा सुतार होता. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी जवाचं सार रांधी, दारात उभा राही आणि डोंगराकडे तोंड करून हाक मारी, "ओर्सोला, जेवायला ये."

"आले हो," ती त्याच्या पाठीशी उभी राहून म्हणे.

तो वाट पाही, दार लोटून घेई आणि एकटा जेवी. ती समोर बसे. तिने त्याच्या पुढ्यात भाकरी ठेवली तर त्याला वाटे, आपणच ठेवली आणि विसरलो. ज्याचं कुणी मेलेलं आहे त्याला निदान रडायची जागा असते. ओर्सोलाला तीही नव्हती. माणूस समोर होता आणि ती त्याच्यासाठी उरली नव्हती.

एके दिवशी वेलीवर बसून एक साळुंकी द्राक्षं खात होती. कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागतात म्हणे. साळुंकीला कुठलीच लागत नाहीत. ओर्सोलाने तिला हाकललं नाही. कुणीतरी तिच्याकडे पाहत होतं, एवढंच तिला पुरे होतं.

"रडतेस कशाला?" साळुंकी म्हणाली. "कड्यावर जा. ज्याने कोंडलं त्याच्याकडूनच किल्ली मिळते."

ओर्सोला कड्यावर गेली. धुक्याला चेहरा नव्हता, आवाज होता.

"तीन कामं कर," मांत्रिक म्हणाला. "धुक्यात द्राक्षं तोड, पण कच्चा मणी तोडू नकोस. ती द्राक्षं हिवाळाभर सुकव, पण एकाही मण्याला बुरशी लागू देऊ नकोस. मग मदिरा करून पिंप भर, माझा वाटा मला जाऊ दे, तरी मी येईन तेव्हा पिंप काठोकाठ भरलेलं असू दे."

"आणि मग?"

"मग तू पी. या वेळी गिळ. काम साधलं असेल तर शाप सुटेल. नसेल, तर तुलाही कुणी दिसणार नाही."

ओर्सोला घरी आली. नवरा दारात हाक मारत होता. आज तो दिसतो तरी, तिच्या मनात आलं. उद्या तेही गेलं तर? रात्रभर ती त्याच्याकडे पाहत बसली, आणि सकाळी टोपली उचलून डोंगर चढली.

धुक्यात हाताला हात दिसत नव्हता. तिने डोळे मिटले आणि बोटांनी मणी दाबून पाहिले: कच्चा ताठ असतो, पिकलेला बोटाला किंचित वाट देतो. साळुंकी पुढे पुढे उडून गोड घड सांगे आणि मोबदल्यात वेलीवरचा शेवटचा घड मागे. ओर्सोलाने तो राहू दिला. पहिलं काम झालं.

माळ्यावर बोरूच्या चटया अंथरून तिने घड पसरले. हिवाळाभर वारा आला की खिडक्या उघडायच्या, दमटपणा आला की लावायच्या, एकेक घड उलटायचा, एकेक मणी पाहायचा. खाली बास्तियान हाक मारी, वरून ती ओ देई. मणी सुकून सुरकुतले आणि त्यांच्यात रसापेक्षा गोडी जास्त उरली. दुसरं काम झालं.

मग तिने ते मणी तुडवले. रस फसफसू लागला, साली वर येऊ लागल्या, त्या ती पुन्हा पुन्हा लाकडी दांड्याने खाली दाबत राहिली. रस शांत झाल्यावर तिने तो बास्तियानने जोडलेल्या, शिसं न ठोकलेल्या एका लाकडी पिंपात भरला आणि बूच लावलं. एकट्या बाईची मेहनत, पिंपही एकच. इथेच खरी अडचण होती. वाटा उडून जाणार, आणि भरती घालायला दुसरी मदिरा नाही. शिशाखालची घालावी तर तीच शापाची.

महिन्याने तिने बूच काढलं. वर बोटभर पोकळी. ती पोकळी तिला आपल्या घरासारखी वाटली आणि तिला तिथेच रडू फुटलं.

तिला आठवलं, आजी अडीअडचणीला नदीतले धुतलेले गोटे पिंपात सोडी. गोटा तळाशी जातो, मदिरा वर येते. पण नदीवर न जाता ती घरी आली, उंबऱ्याशी पडलेला एक गोटा तिने उचलला, उकळत्या पाण्यात धुतला आणि "बास्तियान" म्हणून पिंपात सोडला. मदिरा काठाला आली.

पुढच्या वेळी शेजारणीच्या उंबऱ्यातला गोटा. मग लोहाराच्या. मग त्या आईच्या, जी आता रिकाम्या पाळण्याशी गात होती. पाळणा रिकामा नव्हता. ओर्सोला आत वाकून बाळाचं पांघरूण सारखं करी, मग गोटा उचली. ज्यांना कुणी हाक मारत नव्हतं त्यांची नावं ती तळघरात एकटी उच्चारत राहिली. किती वर्षं गेली ते मला विचारू नका. बास्तियानचे केस पांढरे झाले, हाक तीच राहिली.

शेवटी साऱ्या राज्यातले उंबरे संपले, आणि पिंपात थोडी पोकळी उरली.

"राजवाड्याच्या पायरीशी गोटे आहेत," साळुंकी म्हणाली.

"त्याचा गोटा माझ्या पिंपात पडणार नाही," ओर्सोला म्हणाली. "त्याच्यापायी हे सगळं झालं."

तिने पोकळी तशीच राहू दिली. थोड्याच दिवसांत बुचाशी आंबूस वास आला. अगदी पुसट, पण तिचं नाक फसणारं नव्हतं. ती राजवाड्याकडे गेली, रागातच गेली.

राजा अल्दोब्रांद लांबलचक मेजाशी होता. तो स्वतः ताटं मांडत होता. प्रत्येक खुर्चीपुढे थांबून "बसा" म्हणत होता. शेवटच्या खुर्चीशी तो म्हणाला, "ओर्सोला, तू सांगितलं होतंस. मी चुकलो. कुणीतरी ऐका."

"ऐकलं, महाराज," ओर्सोला म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. तिचा राग तिथेच उतरला. त्या खुर्चीवर ती थोडा वेळ बसली, मग पायरीचा गोटा घेऊन परतली.

"अल्दोब्रांद," ती म्हणाली, आणि गोटा सोडला. मदिरा काठोकाठ आली. वास गेला.

तळघरात धुकं उतरलं. मांत्रिकाने पिंपावरून हात फिरवला. "भरलं आहे," तो म्हणाला. "आता गिळ."

ओर्सोला सुरई भरून घरी आली. सार चुलीवर होतं. तिने दोन पेले भरले. बास्तियानने आपल्यापुढचा पेला पाहिला, आपणच ओतला असेल असं समजला आणि प्यायला. तिने त्याला डोळे भरून पाहून घेतलं, न जाणो. मग डोळे मिटले, आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या हातची मदिरा गिळली.

डोळे उघडले तर समोरची खुर्ची रिकामी होती.

म्हणजे गेलं, तिला वाटलं, तोही गेला.

"ओर्सोला, जेवायला ये."

आवाज दाराकडून आला. रोजच्या सवयीने बास्तियान दारात जाऊन उभा होता, पाठमोरा, डोंगराकडे तोंड करून.

"आले हो," ती रोजच्यासारखीच म्हणाली.

बास्तियान वळला.

दुसऱ्या दिवशी राज्यातल्या प्रत्येकाने त्या पिंपातला घोट घेतला, आणि राजाने आपल्या हातांनी तळघरातलं शिसं उचकटून काढलं. शरदात पुन्हा धुकं आलं. वेलीवरचा शेवटचा घड साळुंकीचा ठरला, पिंपातली वाफ धुक्याची, उरलेलं माणसांचं. पिंप भरलं, बूच बसलं. गोष्टही भरली, तिलाही बूच लावतो.