एका कौलाचा वसा

ऐका डोंगराई देवी, तुमची कहाणी. डोंगराच्या पोटाशी एक आटपाट नगर होतं. तिथं गोजरा नावाची पाथरवटाची लेक होती. आईबाप देवाघरी गेले, काका-आत्यानं वाढवलं. बापाची छिन्नी-हातोडी तिनं उचलली. जाती घडवी, पाट्याला टाकी लावी. मनात एकच होतं : राजा राजधानीत देऊळ बांधतोय, तिथं जावं, खांब कोरावे.

मग एके दिवशी स्थळ आलं. सुपारीच्या बागांचा धनी, दोन बायका वारलेला तिजवर. काका म्हणाला, "देवीला कौल लावू." गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नको. डावं पडलं. काका म्हणाला, "वारा होता." पुन्हा लावला. पुन्हा डावं. आत्या म्हणाली, "गुरवा, हात कापतो तुझा." तिसऱ्यांदा काकानं डावं फूल स्वतःच चेपून बसवलं. मग उजवं पडलं. आत्यानं साखर वाटली.

गोजरा कडाडली, "देवी दोनदा बोलली, ती काय झोपेत? मी नाही बोहल्यावर चढायची!"

रागानं तरातरा खाणीवर गेली. तिथं एक सवाष्ण फुलं वेचीत होती.

"बाई बाई, काय करता?"

"एका कौलाचा वसा वसते."

"तो मला सांगा."

"तुला कशाला? चिडशील, पुन्हा विचारशील."

"चिडेन. पुन्हा विचारणार नाही."

"मग ऐक. स्वच्छ मनानं एकदाच विचारावं. उत्तर येईल ते आवडो न आवडो, पाळावं. हातचं काम सोडू नये." इतकं बोलून बाई दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी गोजरेनं कौल लावला. "आई, राजधानीला जाऊ?"

डावं पडलं.

आत्या खदखदून हसली. "लाव की पुन्हा! आज वारा नाही वाटतं?" काका म्हणाला, "आमच्यावर ओरडत होतीस ना?" गोजरेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हात फुलाकडे गेला. तिनं तो मागं घेतला. म्हणाली, "नको म्हणाली, नको. लग्नालाही नको, जाण्यालाही नको."

"मग करणार काय गं, भवाने?"

"दगड फोडीन."

पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. रोज खाणीत उतरे. दगडावर हातोडी मारी, कान देई. बद्द वाजला की सोडी, खणखणला की घेई. उतरता उतरता खाली काळा पाषाण लागला. घंटेसारखा वाजला.

तिकडे राजाचं देऊळ उभं राहिना. एकदा तुळई तडकली, दुसऱ्यांदा खांब फुटला, तिसऱ्यांदा मंडप कोसळला. त्याखाली सात पाथरवट गेले. बातमी आली तशी गोजरेनं देवीला हात जोडले. "आई, त्यांत आठवी मी असते."

मग राजा पक्का दगड शोधीत निघाला. गावोगाव हिंडला, थकला, शेवटी गोजरेच्या खाणीवर आला. तिनं पाषाण वाजवून दाखवला. राजा म्हणाला, "बाई, दगडही दे नि तूही चल. देवळाची मुख्य कारागीर तू." काका पुढं धावला, "चला चला, पालखी आणवा!"

"थांबा काका. देवीला विचारते."

"आता कसला कौल? खुद्द राजा बोलावतोय!"

"राजा बोलावतोय. देवी अजून बोलली नाही."

राजानं पायातले जोडे काढले, उन्हात डोंगराईच्या देवळाबाहेर उभा राहिला. काकाचं तोंड एवढंसं झालं. आत्या पुटपुटली, "डावं पडलं तर गं?"

"तर दगड जाईल, मी राहीन."

गोजरेनं फुलं लावली. एकदाच विचारलं. उजवं फूल टपकन ओंजळीत पडलं.

गोजरेनं पालखी नाकारली. छिन्नी-हातोडीची झोळी खांद्यावर टाकली, ताठ मानेनं चालत निघाली. मागं गाड्या पाषाणाच्या, पुढं गोजरा. देऊळ उभं राहिलं. पहिल्या खांबावर तिनं सात पाथरवटांची नावं कोरली, मग देवीचं, मग बापाचं, आणि शेवटी ठसठशीत आपलं.

जशी डोंगराई गोजरेला पावली, तशी तुम्हां-आम्हां लेकीसुनांना पावो. विचारायला धीर देवो, ऐकायला कान देवो, थोरांनाही देवो. ही हजार शंकांची कहाणी एका कौलात सुफळ संपूर्ण.