वाचणाऱ्यावरचा अभिप्राय

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध आचार्य राहत असत. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर सतरंजी पसरली जाई आणि गावातली वाचणारी माणसे जमत. तिथला रिवाज असा होता, की आचार्यांच्या निरूपणाआधी श्रोत्यांपैकी कुणीतरी उठून आपण वाचलेल्या पुस्तकाविषयी चार शब्द सांगावेत आणि आचार्यांच्या शिष्याने त्यावर अभिप्राय द्यावा. शिष्य विद्वान होता. आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावे लागत नसे. राग कसा जिंकावा, मन कसे आवरावे, यशस्वी कसे व्हावे, असल्या पुस्तकांवर त्याचा विशेष रोष होता. ती झोडपताना त्याची वाणी अशी काही खुले, की लोक खरे तर तेवढ्यासाठीच वेळेवर येत.

एका गुरुवारी धान्याचा एक व्यापारी उठला. नेहमी दाराशी, चपलांजवळ बसणारा, चारचौघांत बोलण्याची सवय नसलेला माणूस. हातातले पुस्तक त्याने उगीचच दोनदा पुसले.

"एसटी स्टँडवर घेतलं हे," तो म्हणाला. "घरातल्या माणसांशी बोलावं कसं, त्याचं आहे. बायको गेल्यापासून मी आणि मुलगी एका घरात राहून परके झालो होतो. जेवलीस का, याच्यापुढे माझी गाडीच जात नसे. यात लिहिलंय, की उत्तर आपल्याला ठाऊक असेल असा प्रश्न विचारू नका. मग मी तिला विचारलं, आज तुला कशाचा कंटाळा आला? ती आधी हसली, मग बोलतच बसली. आता आम्ही रोज एकत्र जेवतो. पुस्तक चांगलं आहे."

सगळ्यांचे डोळे शिष्याकडे वळले. शिष्याने घसा साफ केला.

"शेठ, पोटच्या पोरीशी बोलायला ज्याला स्टँडवरचं पुस्तक लागतं, त्यानं ठसका लागल्यावर पाणी प्यावं की नाही, हेही अनुक्रमणिकेत बघून घ्यावं!"

ओसरी हसून लोटपोट झाली. आचार्यांच्याही ओठांवर हसू आले. व्यापारीसुद्धा हसला, कारण आपल्यावरच हसत असलेल्या लोकांत दुसरे काय करावे, ते त्याला सुचले नाही. पुस्तक पिशवीत घालून तो खाली बसला. ते वाक्य दुसऱ्या दिवशी बाजारात पोहोचले आणि तिथून घरोघर गेले.

पुढच्या गुरुवारी व्यापारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग एका गुरुवारी एक नवलच घडले. सभा भरली, समई लागली, आणि आचार्य आपल्या आसनाकडे न जाता दाराशी, चपलांजवळ जाऊन बसले.

"गुरुजी, आसन इकडे मांडलंय," शिष्य लगबगीने म्हणाला.

"आज माझी जागा इथेच आहे," आचार्य म्हणाले. मग त्यांनी सभेला हात जोडले. "मंडळी, आज सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. घरी चला."

लोक गोंधळले. आचार्यांच्या अंगावरून वाकून, ओशाळून, आपापल्या चपला शोधत निघून गेले. शिष्य तेवढा राहिला.

"माझं काही चुकलं का, गुरुजी?"

"शेठचं ते पुस्तक तू वाचलं होतंस?"

खोटे बोलणे शिष्याच्या स्वभावात नव्हते. "मागचं पान वाचलं होतं," तो म्हणाला.

"मी आज सकाळी त्याच्या घरून मागून आणून वाचलं. सामान्य पुस्तक आहे. तेच तेच घोळून सांगितलंय, भाषाही यथातथाच. एवढं तू म्हणाला असतास, तर तो तुझा अधिकार होता. पण तू पुस्तकावर अभिप्राय दिलाच नाहीस. तू तो वाचणाऱ्यावर दिलास. आणि मी हसलो."

आचार्य पुढे म्हणाले, "तुझं वाक्य त्याच्या मुलीला कॉलेजात कुणीतरी ऐकवलं. संध्याकाळी बापानं काहीतरी विचारलं, तर म्हणाली, 'बाबा, आज कितव्या पानावर आहात?' तेव्हापासून ती आपलं ताट खोलीत घेऊन जाते. शेठ मला म्हणाले, तिचं काही खोटं नाही, प्रश्न पुस्तकातलाच होता."

शिष्याचे कान तापले. तरीही सवयीने तो म्हणालाच, "पण गुरुजी, उसने शब्द ते उसनेच ना?"

"लहानपणी देवापुढे तुझे हात आईनं धरून जोडले. जय कर म्हणाली, तू केलंस. तेव्हा तुला देव कुठे कळत होता? म्हणून तुझा आजचा नमस्कार उसना झाला का? अरे, माया त्या माणसाजवळ होतीच. ती बोलायची वाट तेवढी नव्हती. ती त्याला या वयात, एका साध्या पुस्तकात सापडली, आणि आपण दोघांनी मिळून बुजवली."

शिष्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो उठला आणि तडक व्यापाऱ्याच्या घरी गेला.

दार मुलीने उघडले. आत व्यापारी एकटाच ताटावर बसला होता. शिष्य उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि खालच्या मानेने बोलू लागला, "मी ते पुस्तक न वाचताच बोललो. लोकांनी हसावं म्हणून बोललो. तुमच्या वडिलांनी तुमच्याशी बोलण्यासाठी जे कष्ट घेतले, त्यांची मी टवाळी केली. मला क्षमा करा."

मुलीने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "पाठ करून आलात?"

शिष्याचा चेहरा उतरला. "हो," तो म्हणाला. "वाटभर घोकत आलो. नाहीतर दारातूनच परत फिरलो असतो."

आपण काय विचारले आणि त्याने काय उत्तर दिले, हे मुलीला स्वतःलाच ऐकू आले असावे. तिने वळून बापाकडे पाहिले. तो ताटात मान घालून बसला होता, घास हातातच होता. ती खोलीत गेली, आपले ताट घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली.

"बाबा, विचारा ना काहीतरी."

"काय विचारू?" व्यापारी घाबरून म्हणाला.

"काहीही. पुस्तकातलंही चालेल."

शिष्याला आत बोलवायचे दोघांच्याही ध्यानात आले नाही. तेच बरे झाले. त्या वेळी कुणी त्याच्याकडे पाहिले असते, तर त्याला मान वर करता आली नसती.