पिसं कोणी उपटली?

रायाजीराजांच्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटत होत्या. एकीची पाठ उघडी पडली होती, दुसरीची शेपटी गेली होती, आणि राणीसाहेबांच्या माहेरून आलेली तांबडी कोंबडी तर मुदपाकखान्यात अर्धी सोलून परत पाठवल्यासारखी दिसत होती.

राजांचा या कोंबड्यांवर फार जीव. मुंगसाने एक पळवली तेव्हापासून त्यांनी त्या सगळ्या खुराड्यात बंद करून टाकल्या होत्या. खुराडा कसला, सागवानी महालच तो! नक्षी राजांनी स्वतः काढून दिली होती. बाहेरून पाहावा तर देखणा, आत मात्र कोंबडीला मान वळवायलाही जागा नाही.

कोंबड्या सांभाळणारा म्हातारा धोंडजी राजांपुढे उभा राहिला. सोबत त्याची लेक ठमा होती.

"यातली एक कोणीतरी दुष्ट आहे," राजे म्हणाले. "तिनेच बाकीच्यांना बिघडवलंय. ती शोधून काढ. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत सापडली नाही, तर सगळ्या कोंबड्या मुदपाकखान्यात आणि तू घरी."

"पण महाराज, तो खुराडा जरा..." धोंडजीने सुरुवात केली.

"खुराड्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्यात काही खोट नाही."

दिवाणजींनी मान डोलावली. सेनापतींनी त्याहून जोरात डोलावली.

घरी आल्यावर धोंडजी तांबडीच्या जखमेवर हळद लावत बसला. "खोट तिथेच आहे, आणि तेच बोलायची बंदी," तो म्हणाला. "आता काय करायचं, ठमे?"

"बोलायचं नाही ना? नाही बोलणार," ठमा म्हणाली. "तुम्ही तांबडीला चार दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवा. लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात."

बाजाराच्या दिवशी ती राजांकडे गेली. "महाराज, गुन्हेगार आज सापडेल. पण तुमच्या डोळ्यांदेखत सापडायला हवा, नाहीतर उद्या कोणी म्हणेल ठमाने भलत्याच कोंबडीचं नाव घेतलं. परसात वैरणीची खोली आहे. तिच्या झरोक्यातून सगळं अंगण दिसतं. मी कोंबड्या बाहेर सोडते. जी दुसरीचं पीस उपटेल, ती गुन्हेगार."

"आणि मुंगूस?"

"बाबा काठी घेऊन उभे राहतील. कुंपणाला बाभळीच्या काट्या लावल्यात."

राजांना हा न्याय पटला. दिवाणजी, सेनापती आणि राजवैद्य यांना घेऊन ते वैरणीच्या खोलीत शिरले. निम्मी खोली कडब्याने भरलेली, उरलेल्या निम्म्यात चार थोर माणसं. कोंबड्या माणसांना बुजतात, असं सांगून ठमाने बाहेरून कडी घातली.

अंगणात कोंबड्या सुटल्या. आधी बावरल्या, मग पांगल्या. कोणी उकिरडा उकरू लागली, कोणी मातीत लोळून धूळ अंगावर उडवू लागली. ठमाने माठाच्या जुड्या दोरीला टांगून ठेवल्या होत्या, त्या खायला दोघीतिघी उड्या मारत होत्या. एकमेकींकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

खोलीतल्या माणसांना मात्र सवडच सवड होती. झरोका एक आणि डोळे आठ. थोड्या वेळाने सेनापतींचं कोपर दिवाणजींच्या बरगडीत रुतलं. दिवाणजी म्हणाले, "लढाईत नाही कधी एवढं पुढे सरकलात." सेनापतींनी त्यांच्या पागोट्याला मागून टपली मारली. राजवैद्यांना कडब्याने शिंका येऊ लागल्या, आणि दर शिंकेला कोणाच्या तरी पायावर पाय पडू लागला. बोलणं वाढलं. ओढाओढ झाली. आतून धडपडल्याचे आवाज यायला लागले, तरी ठमा शांतपणे जुड्या बांधत राहिली.

दुपार कलल्यावर तिने कडी काढली. सगळे घामाघूम होऊन बाहेर आले. पागोटं सुटून दिवाणजींच्या गळ्यात आलं होतं. सेनापतींच्या फेट्यातला मोरपिसांचा तुरा निम्मा झाला होता. राजवैद्यांच्या उपरण्याची एक कड गायब होती.

"सापडली का गुन्हेगार?" ठमाने विचारलं.

"एकीनेही टोचलं नाही," राजे धुसफुसत म्हणाले.

"मग ही मोरपिसं कोणी उपटली?"

सेनापती दिवाणजींकडे बघू लागले, दिवाणजी राजवैद्यांकडे, आणि राजवैद्य आभाळाकडे. शेवटी दिवाणजी खाली बघून पुटपुटले, "पहिलं पीस... खुद्द महाराजांनी."

राजांनी मूठ उघडली. आत एक मोरपीस चुरगळलेलं होतं.

"अरेरे," ठमा म्हणाली. "महाराज काही दुष्ट नाहीत. मग असं कसं झालं?"

"कसं म्हणजे?" राजे उसळले. "एवढ्याशा खोलीत कोंबून ठेवलंस. हलायला जागा नाही, हाताला काम नाही. माणूस दुसरं करणार काय?"

ठमाने हात जोडले. "हे महाराजांनीच म्हटलं. मी खुराड्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही."

राजांनी एकदा मुठीतल्या पिसाकडे आणि एकदा अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिलं. मग राजांना हसू फुटलं. हसता हसता ते कडब्याच्या पेंढीवर बसले, आणि डोळे पुसून म्हणाले, "पण मग माझ्या खुराड्याचं काय करायचं गं? एवढी नक्षी काढली मी."

"रात्री निजायला तो झकास आहे, महाराज. झोपेत कोणी कोणाला टोचत नाही."

राजे पुन्हा हसू लागले. सगळं परस त्यांनी त्याच घडीला कोंबड्यांना देऊन टाकलं आणि राखणीवर धोंडजीला कायम केलं. मग मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ठमाच्या हातात घातलं. ते इतकं सैल होतं की सरळ दंडापर्यंत चढलं. ठमाने ते तिथेच राहू दिलं आणि उरलेल्या जुड्या टांगायला गेली.