नावाच्या मापाने लावलेली जोड

एकदा एका गुरुकुलात गोठ्यामागे चार विद्यार्थी गांजा ओढताना सापडले. दोघे न्यायशास्त्र शिकत होते, एक वैद्यक, आणि चौथा भैरू, तालमीतला सर्वांत उमदा मल्ल. चिलीम एकच होती. पकडले गेल्यावर चौघांचीही तोंडे सारखीच उतरली.

शिक्षेचा निर्णय आचार्यांनी आपल्या ज्येष्ठ शिष्यावर सोपवला. तालीम तोच सांभाळी आणि भैरूला त्यानेच घडवले होते. येत्या यात्रेत मानाची कुस्ती भैरूच मारणार, असे तो पंचक्रोशीत छातीठोकपणे सांगत फिरला होता. त्यामुळे त्याने फार विचार केला नाही. तिघांना पौर्णिमेपर्यंत विहिरीचे पाणी भरायला लावले आणि भैरूला तालमीतून कायमचे काढले.

आचार्यांनी कारण विचारले.

"त्या तिघांना कोण ओळखतं, आचार्य? भैरू मातीत उतरतो तो गुरुकुलाच्या नावानं. दूध-तूप आपण खाऊ घालतो. त्यानं आपलं नाक कापलं."

आचार्य 'बरं' म्हणाले आणि सुपारी कातरू लागले. त्यांना पटले, असे शिष्याने सोयीस्करपणे गृहीत धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्य तालमीत आले आणि आजच्या जोडी मी लावतो म्हणाले. कोणी कोणाशी लढायचे हे ठरवणे तालमीत फार जोखमीचे मानतात. वस्ताद दोघांना शेजारी उभे करतो, खांदे-दंड चाचपतो, वजनाचा अंदाज घेतो आणि मगच एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देतो. आचार्यांनी यातले काहीच केले नाही. नुकताच आलेला एक किडकिडीत मुलगा त्यांनी पुढे बोलावला आणि त्याच्यासमोर तालमीतला सर्वांत धिप्पाड गडी उभा केला. मुलाने निमूटपणे कपाळाला माती लावली.

शिष्य मध्ये पडला. "आचार्य, ही जोड होत नाही. पोराची मान मोडेल."

"याचे वडील नामांकित मल्ल आहेत. एवढ्या नावाच्या मुलाला गडीही मोठाच हवा."

"नावाचा काय संबंध? जोड अंगाच्या मापानं लावायची, हे आपणच शिकवलंत."

बोलून झाले आणि आपण काय बोललो ते शिष्याच्या ध्यानात आले.

आचार्यांनी मुलाला बाजूला केले. "काल तिघांना तू गुन्ह्याच्या मापाने शिक्षा केलीस आणि भैरूला नावाच्या मापाने. एका चिलमीचा दोष चौघांचा सारखाच. उद्या कोणी म्हणेल, यात्रा आली, मल्लाला माफ करा. तेही नावाचेच माप झाले. नशा करणाऱ्याच्या हाती दुसऱ्याची मान द्यायची नाही, म्हणून ही ओढ सुटेपर्यंत भैरू मातीत उतरणार नाही. तोवर तो वैद्यकाचा विद्यार्थीही औषधाच्या खलाला हात लावणार नाही, कारण त्याच्या हातीही कोणाचा तरी जीव असतो. पाणी चौघांनी भरावे. पण तालीम भैरूपासून तोडू नकोस. घसरणाऱ्या मुलाला धरून ठेवणारी तेवढी एकच जागा त्याच्यापाशी आहे." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "आणि राग तुला नक्की कशाचा आला होता? गांजाचा, की लोकांत खाली मान घालावी लागेल याचा?"

शिष्य ओशाळला आणि तिथून तडक भैरूकडे गेला.

भैरू खोलीत गाठोडे बांधत होता. शिष्य दारात उभा राहिला. "सोड ते. पौर्णिमेपर्यंत तुलाही पाणी भरायचंय. तालीम तुझी आहे."

"आणि यात्रा?"

"यंदा नाही."

भैरूने होकारार्थी मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते, पण तो वाद घालत नव्हता. कालपासून जे विचारायला हवे होते ते शिष्याने आता विचारले. "का ओढलास रे?"

"झोप लागत नव्हती, दादा. जो तो म्हणायचा, भैरू जिंकणारच. हरलो तर तोंड कुठं दाखवू, हेच रात्रभर डोक्यात."

हे प्रत्येकाच्या तोंडी कोणी घातले, ते शिष्याला कोणी सांगायला नको होते. त्याच दुपारी तो यात्रेच्या पंचांकडे गेला आणि भैरू यंदा लढणार नाही, असे चारचौघांत स्वतः सांगून आला.