गोजराचा खडा

गोष्ट जुनी आहे, इतकी जुनी की गावाचं नाव आता कुणाच्या लक्षात नाही. नदीकाठचं गाव होतं आणि त्या गावात एक तांबटीण राहायची. तिलाही नाव असणारच, पण नवरा तांबट म्हणून ती तांबटीण, आणि गावातल्या पोरीबाळींची काकू.

नवरा दिवसभर हंडे-घागरी ठोकायचा. तिचं कामही काही कमी नव्हतं. भाता ओढा, चिंच लावून भांडी उजळा, वर घरचं रांधणं-वाढणं आहेच. पण सगळं आवरून, हात धुऊन ती ओसरीवर मांडी घालून बसली की मग जे करायची ते निव्वळ हौसेपोटी. नवऱ्याच्या कामातून उरलेले तांब्याच्या तारेचे तुकडे ती जमवून ठेवायची. तार निखाऱ्यावर लाल करून पाण्यात बुडवली की मऊ पडते. अशा मऊ तारेत ती नदीतला एखादा खडा गुंफायची. खड्याला भोक पाडायचं नाही, राळ नाही, डिंक नाही. नुसती तार वळवत वळवत अशी बसवायची की कितीही हलवा, खडा निसटत नसे. वर एक कडी, कडीत दोरा, झालं पदक.

पदकं विकायची मात्र नाही. कुणी मागितलं तर एकच म्हणायची, "खडा तुझा, तार माझी."

लोक काय काय घेऊन यायचे! एका गुराख्याने ज्या दगडाला ठेचकाळून त्याच्या अंगठ्याचं नख गेलं होतं, तोच दगड आणून दिला. एका म्हातारीने माहेरच्या विहिरीतला आणला, तर कुणी शेताच्या बांधावरचा. तांबटीण कशालाही नाक मुरडत नसे. खडा तळहातावर घ्यायची, इकडून तिकडून बघायची आणि तो जसा असेल तशी तार वळवायची. बेढब असला तर तारही बेढब जायची. गावात अशी पदकं घालणारे पुष्कळ होते. त्यांना कुणी दागिने म्हणत नसे, पण हरवलं तर माणूस दिवसभर शोधत बसायचा.

असं सगळं बरं चाललेलं असताना एकदा किल्लेदारीणबाई देवदर्शनाला गावात आल्या. त्यांनी कुणाच्या तरी गळ्यात असलं पदक पाहिलं आणि थेट तांबटाच्या घरी पालखी आणली. तांबटिणीची धांदल उडाली. पाट मांडला, पाणी दिलं, पदकांची टोपली पुढे ठेवली. बाईसाहेबांनी एकेक पदक उचलून पाहिलं.

"हातात कसब आहे गं तुझ्या," त्या म्हणाल्या. "पण खडे हे असले? नदीत काय कमी सुंदर खडे असतात? चैत्रातल्या हळदीकुंकवाला तुझी पदकं आमच्याकडे मांडू. चार गडांवरच्या बायका येतील. पण जरा बघण्यासारखं काहीतरी कर."

पालखी गेली. तांबटीण टोपलीपाशी बसून राहिली. आजवर तिला ती टोपली भरलेली दिसायची, आज तिच्यात नुसते दगड दिसले. मला विचाराल तर बाईसाहेबांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना जे दिसलं ते त्या बोलल्या. पण ते बोलणं तांबटिणीच्या मनात घर करून बसलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

त्याच आठवड्यात नावाड्याची गोजरा आली. गोजराला आई नव्हती. बाप दिवसभर होडीवर, म्हणून पोर अर्धीअधिक तांबटिणीच्या ओसरीवरच वाढलेली. आता तिचं लग्न ठरलं होतं, नदीपलीकडच्या गावात. ती काकूच्या शेजारी बसली आणि तिने मूठ उघडली. मुठीत एक खडा होता, मळकट, तपकिरी, हाताच्या तेलाने गुळगुळीत झालेला, आणि एका कडेला टवका उडालेला.

"हा कसला गं?" तांबटिणीने विचारलं.

"आमच्या पाचखड्यांतला," गोजरा म्हणाली. "आई नि मी खेळायचो ना. बाकीचे चार गेले कुठे कुठे, हा राहिला. हा वर उडवायचा खडा. शेवटी शेवटी आईला उठवत नव्हतं, तर निजल्या निजल्या उडवायची. चार बोटंच वर जायचा, पण उडवायची. हा टवका तिच्याच हातून उडाला, उंबऱ्यावर पडून." तिने टवक्यावर अंगठा ठेवला. अंगठा तिथे बरोबर बसत होता. "झोप लागत नाही तेव्हा मी हा असा धरते. पण काकू, सासरी खेळायचा खडा मुठीत धरून बसले तर हसतील मला. गळ्यात घालता येईल एवढं करून दे. बाकी याला काही करू नकोस."

"बरं गं बाई," तांबटीण म्हणाली.

ती हे मनापासून म्हणाली होती. गोजरावर तिचा जीव होता. पण रात्रीची जेवणं झाल्यावर तिने खडा हातात घेतला, तेव्हा तिला किल्लेदारीणबाई आठवल्या. खडा उजेडाकडे धरला. टवका उडाला होता तिथून आत काहीतरी लालसर दिसत होतं. भांड्यांच्या कडा घासायचा कुरुंदाचा दगड भिंतीशी होता. तो घेऊन तिने पाण्याचा हात लावला आणि खड्याची एक कडा जरा घासून पाहिली. मळकटपणाखालून तांबूस पट्टा वर आला, त्याला लागून दुधासारखा पांढरा, आणि मग पुन्हा तांबूस. तांबटिणीने इतका देखणा खडा आयुष्यात कधी हाताळला नव्हता.

नवरा पलीकडे बसला होता. त्याने विचारलं, "कुणाचा गं तो?"

"गोजराचा."

"तिने घासायला सांगितलंय?"

"सांगितलं नाही. पण बघेल तेव्हा खूश होईल."

"विचार तरी एकदा. दोन घरं पलीकडे तर राहते."

"विचारायचं काय त्यात?" तांबटीण जरा चिडूनच म्हणाली. "पोर आहे ती, तिला काय कळतंय यातलं. आईविना वाढलेली, लग्नात अंगावर धड दागिना नाही. एवढं तरी मी तिला नीट करून देईन की नाही?"

तांबटिणीने स्वतःची अशी छान समजूत घातली. सगळं गोजरासाठीच चाललंय, असं ती मनाशी म्हणत राहिली, आणि त्यात थोडं खरंही होतं. पण गोजराला विचारलं तर ती नको म्हणेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिने विचारलं नाही.

मग रोज काम आवरलं की ती घासायला बसायची. कुरुंदाने झालं, मग बारीक वाळूने, मग नुसत्या राखेने आणि ओल्या फडक्याने. खडा बारीक होत गेला आणि उजळत गेला. टवका पार गेला. गोजरा मध्ये एकदा विचारायला आली तर तिने टोपली पदराखाली ओढली आणि म्हणाली, "लग्नाच्या दिवशी देईन. तोवर बघायचं नाही." गोजरा हसली आणि गेली. तिचा काकूवर पूर्ण विश्वास होता.

चैत्रात हळदीकुंकू झालं. मखमलीवर पदकं मांडली होती आणि मधोमध गोजराचा खडा. तारही तांबटिणीने अशी नाजूक वळवली होती की वेलीचे वळसे वाटावेत. बायकांची त्याच्याभोवती गर्दी झाली. बाईसाहेबांनी ते पदक स्वतःच्या गळ्याशी धरून पाहिलं.

"हे मला हवं," त्या म्हणाल्या.

"दुसऱ्याचं आहे, बाईसाहेब. एका नवरीचं."

"नशीबवान आहे हो तुझी नवरी."

त्या दिवशी तांबटीण घरी आली ती हवेतच. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

गोजराचं लग्न लागलं. पाठवणीच्या आधी नवऱ्या मुलीने वडीलधाऱ्या बायकांच्या पाया पडायला घरोघर जायचं, अशी त्या गावची रीत. गोजरा तांबटिणीकडे सगळ्यांत शेवटी आली, कारण तिला तिथे जरा वेळ थांबायचं होतं. खाली घाटावर बापाची होडी तयार होती. वऱ्हाड बसत होतं. तांबटिणीने तिला पाटावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि पदक गळ्यात बांधलं.

गोजराने डोळे उघडायच्या आधीच हात गळ्याशी नेला. अंगठा खड्यावर फिरला. एकदा फिरला, पुन्हा फिरला, कडेकडेने चाचपत राहिला. मग तिने डोळे उघडून खाली पाहिलं.

"किती सुंदर आहे काकू," ती म्हणाली. "पण माझा कुठाय?"

"हाच की गं तुझा."

"नाही, हा नव्हे. माझा तो टवका उडालेला." ती अजून हसतच होती. "दे ना. दोन्ही घेऊन जाते."

"अगं, तोच आहे. जरा उजळलाय."

गोजराला ते कळलंच नाही. तिला वाटलं, काकूने एवढा देखणा खडा शोधून आणला आणि तिचा कुठेतरी बाजूला पडला. कोपऱ्यात खड्यांची टोपली होती. ती उठली, नव्या लुगड्यानिशी टोपलीपाशी जाऊन बसली आणि एकेक खडा उचलून पाहू लागली. मग पाहणंही सोडलं. डोळे मिटून अंगठ्याने चाचपायची आणि बाजूला ठेवायची. खालून बापाची हाक आली. तिने "आले बाबा" म्हटलं आणि पुढचा खडा उचलला.

टोपलीत तळाशी तसलाच एक मळकट खडा होता, टवका उडालेला, तांबटिणीला तो माहीत होता. तिला वाटलं, तो काढून पोरीच्या हातावर ठेवावा आणि म्हणावं, हा बघ सापडला. घाईत आहे, पोरीला कळायचं नाही. ती निमूट होडीत बसेल आणि आपणही सुटू. तांबटिणीचा हात टोपलीकडे गेला सुद्धा.

पण गोजरा डोळे मिटून इतक्या भरवशाने एकेक खडा चाचपत होती की तिला फसवणं तांबटिणीला जमेना.

"गोजरे, शोधू नकोस," ती म्हणाली. "त्यात नाही. तुझा खडा तुझ्या गळ्यातच आहे. मीच तो घासला. तू नको म्हटलं होतंस, तरी घासला. चार बायकांनी वा म्हणावं म्हणून घासला."

गोजरा रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर तांबटिणीला बरं वाटलं असतं. पण ती तशी मुलगी नव्हती. तिने पुन्हा एकदा खड्यावर अंगठा फिरवला.

"म्हणजे आईचा हात लागलेलं होतं ते वरचं सगळं..."

"गेलं गं."

"कुठे गेलं?"

तांबटिणीला आधी प्रश्नच समजला नाही. गोजराने पुन्हा विचारलं, "घासलेलं पाणी कुठे टाकलंस काकू?"

"परसात," तांबटीण म्हणाली. "अळूच्या वाफ्यात."

गोजरा उठली आणि परसात गेली. हळदीचे पाय घेऊन ती वाफ्यातल्या चिखलात गुडघ्यांवर बसली. अळूची पानं बाजूला सारून तिने मुळाशी हात घातला, मूठभर माती घेतली आणि पदराच्या टोकात बांधली. गाठ घट्ट बसली का ते ओढून पाहिलं. मग गळ्यातलं पदक काढून तिने काकूच्या हातात दिलं.

"हे तूच ठेव," ती म्हणाली. "हे तू केलंयस."

तिने काकूला वाकून नमस्कार केला आणि घाटाकडे गेली. बापाने होडी सोडली. होडी पलीकडे लागेपर्यंत तांबटीण परसाच्या कुडाशी उभी होती आणि तिच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

पुढे बाईसाहेबांचा निरोप आला, तसलीच आणखी पदकं हवीत म्हणून. तांबटिणीने हात जोडून नकार कळवला. खडे गुंफायचं तिने सोडलं नाही. पण कुणी खडा घेऊन आलं की तार हातात घेण्याआधी ती विचारायची, "यातलं काय तसंच ठेवायचं?" आणि माणूस सांगेल तेवढं सगळं नीट ऐकून घ्यायची.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच, की दुसऱ्याच्या जिवाची वस्तू आपल्या नजरेने सुधारायला जाऊ नये. आपण मळ म्हणून काढून टाकतो, तेच त्या माणसाने जपलेलं असतं.